आवाज बिघडवणारा गृहस्थ

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटीला सरावलेल्या एखाद्या गल्लीतील माळ्यावरून रात्री अकरानंतर डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास येऊ लागला, म्हणजे आत गिटारचा सालस स्वर बिघडवण्याचे काम जारी आहे असे खुशाल समजावे.

हा गृहस्थ गिटारवादक आहे असा कोणाचा ग्रह असेल, तर तो सत्वर रद्द करावा. तो गिटारचा आवाज बिघडवणारे पेडल घरी बनवतो; वाजवायला त्याला एकच स्वर येतो आणि प्रयोगास तेवढा पुरतो. टीन्सी नामक बोटभर संगणक-पाटीवर त्या स्वराचे सेकंदाला 44,100 आकडे पाडावयाचे, मर्यादेबाहेर डोके काढील त्या आकड्याचा शिरच्छेद करावयाचा, की कर्कशता सिद्ध झाली. आणि 22,050 आकडे नजरकैदेत ठेवून क्रमाने मुक्त केले, की अर्ध्या सेकंदाने प्रतिध्वनी हजर! आयबानेझच्या 1979 सालच्या ट्यूब स्क्रीमर या नामांकित पेडलमधील 4558 चिप अस्सल की नक्कल, या मुद्द्यावर तो जेवण तहकूब करतो.

पेडलची धातूची पेटी 'ग्राउंड'ला जोडली असता विजेची पन्नास हर्ट्‌झची गुणगुण बाहेरच थोपते, या शास्त्रीय सबबीवर मातोश्रींचा शेंगाचटणीचा डबा जप्त झालेला असतो. त्याला चार भोके पाडल्यावर तो परत करण्याचा प्रश्नच उरत नाही.

त्याच्या औदार्याविषयी मात्र मला खरोखर आदर आहे. ज्या नगरीच्या चादरीला आपले नाव राखण्यासाठी भौगोलिक मानांकनाचा आश्रय घ्यावा लागला, तेथे हा मनुष्य महिनोन्‌महिने डोळे फोडून केलेली सर्किटची आकृती आणि प्रोग्राम वाटेल त्यास देऊन टाकतो, आणि वर रिचर्ड स्टॉलमन यांच्या 1989 सालच्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या सनदेची शर्त ऐकवतो, की घ्या, बदला, विकासुद्धा, पण विकाल त्याला आतला प्रोग्रामही याच शर्तीवर खुला द्या. अशी शर्त घालणारा सावकार सोलापुरात दुसरा नसावा.

एका रात्री कर्कशतेचे बटण शेवटपर्यंत फिरताच शेजारचे मागवाले धावत वर आले आणि कळवळून म्हणाले, "बाळ, धोटा अडकलाय तुझा, आधी माग बंद कर!" त्याने ही पावती आनंदाने वहीत नोंदवली.

वाचकांपैकी कोणास आकृती हवी असल्यास निःसंकोच मागावी, तासाभराच्या व्याख्यानासह ती विनामूल्य मिळेल. घरचा बिघडलेला मिक्सर मात्र दुसरीकडे न्यावा.