धोतराला खिसा नसतो

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत यंदा पहिल्यांदाच धोतर नेसून उतरायचं ठरवलं असेल, तर आधी अभिनंदन आणि मग एक प्रश्न: मोबाइल कुठे ठेवणार? बहुतेकांना हा प्रश्न सोसायटीच्या फाटकाबाहेर, रिक्षाचे पैसे देताना पडतो. तोवर फेटा बांधून झालेला असतो, कपाळाला गंध लागलेलं असतं, निऱ्या कशाबशा जागेवर असतात आणि उजवा हात सवयीने मांडीवर खिसा चाचपत असतो.

डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा काढली. पुढे ही प्रथा गिरगावपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत सगळीकडे पसरली. वर्षभर जीन्समध्ये वावरणाऱ्या पुरुषांना तेव्हापासून एक सकाळ धोतरात काढावी लागते. ते नेसायचं कसं हे सांगणारे पायलीला पन्नास मिळतात. सोबत काय घ्यायचं हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

धोतराबद्दल थोडक्यात. सुती घ्या. रेशमी कद किंवा पीतांबर फोटोत देखणा दिसतो, पण घसरतो, आणि नवशिक्याचा पीतांबर हमखास ढोल-ताशाच्या पहिल्याच ठेक्याला घसरतो. कोरं धोतर एकदा धुऊन खळ काढून टाका, नाहीतर निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतील. शिवलेलं, इलॅस्टिकचं धोतर घेणाऱ्यांना हसू नका. रेल्वे स्टेशनच्या स्वच्छतागृहात जायची वेळ आली की कोण शहाणा ते आपोआप ठरतं.

आता मुख्य विषय, खिसा. ही अडचण केवळ आपली नाही. स्कॉटलंडच्या पुरुषांचा किल्ट बिनखिशाचा, म्हणून ते कमरेला पट्ट्याने किंवा साखळीने चामड्याची पिशवी अडकवतात. तिला स्पोरान म्हणतात. रोजची साध्या चामड्याची, मेजवानीची केसाळ कातड्याची. तीच आपणही समोर लटकवावी, असं एखाद्या हुशार माणसाला वाटेल. त्याने थोडं थांबावं. किल्टच्या चुण्या मागे असतात आणि पुढची बाजू सपाट, म्हणून पिशवी तिथे शोभते. आपल्या निऱ्या पुढे. अर्धा तास खपून घातलेल्या निऱ्यांवर पिशवी आपटत राहिली, तर त्या पार्ल्यापर्यंतही टिकणार नाहीत. आपली पिशवी बाजूला हवी, तीही उपरण्याखाली.

आपल्याकडे सोय नव्हती असं नाही. सगळ्यात जुनी सोय म्हणजे कनवट: धोतराची कड कमरेशी मुडपून तिच्यात नाणं खोचायचं. आणे-पैशांच्या काळात ती पुरेशी होती. आजच्या मोबाइलचं वजन तिला पेलत नाही. खोचून बघाच, पण खाली सतरंजी अंथरून. व्यापारी आणि प्रवासी ‘कसा’ वापरत. कापडाची लांबट, अरुंद पिशवी, आत पैसे, कमरेभोवती गुंडाळून गाठ. पान खाणाऱ्याची चंची वेगळी. तिच्यात पानाला, सुपारीला, तंबाखूला आपापला कप्पा. घराची किल्ली करदोट्याला, नाहीतर जानव्याला. पुढे मुंबईच्या कचेऱ्यांतले कारकून धोतरावर कोट घालू लागले आणि खिशांचा प्रश्न कोटानेच सोडवला. कोट गेला तेव्हा खिसेही त्याच्याबरोबर गेले, आणि धोतर एकटं मागे राहिलं.

आजच्या उपनगरात या विषयातला खरा तज्ज्ञ कोण? तुमच्या सोसायटीत सत्यनारायणाला येणारे गुरुजी. एकाच सकाळी घाटकोपर, भांडुप आणि मुलुंड करायचं, तेही धोतर नेसून, स्कूटरवर, आणि प्रत्येक ठिकाणी निऱ्या जागच्या जागी. व्हिडिओ पाहण्यात रात्री घालवण्यापेक्षा त्यांना निरखून बघा. धोतराखाली नाडी आवळून बांधलेली असते. खांद्यावरून तिरपी, चेनची, चपटी पिशवी गेलेली असते, तिच्यात मोबाइल आणि स्कूटरची किल्ली. वरून उपरणं. दक्षिणा मोबाइलवर आली तर मोबाइल बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. कुठेही चाचपणं नाही. दक्षिणेत अकरा रुपये जास्त टाका आणि ही पिशवी कुठून आणली ते विचारा.

सांगितलं नाही तर माझा सल्ला ऐका: पाडव्याची पिशवी नवरात्रात घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोरिवली, कांदिवली, घाटकोपर आणि मुलुंडच्या बाजारांत गरब्यासाठी कच्छी भरतकामाच्या, आरसे लावलेल्या छोट्या पिशव्या टांगलेल्या असतात. रात्रभर गोल फिरून, उड्या मारून, घामाघूम होऊनही आतला मोबाइल पडू नये, हाच त्यांचा जन्महेतू. एवढी कडक परीक्षा आपल्या एकाही बटव्याने दिलेली नाही. आरसे फार चमकतात असं वाटलं तर साधी, मरून रंगाची बघा. गोंड्याची घेऊ नका, गोंडे निऱ्यांत अडकतात. आणि चेन हवीच. नाडीने आवळायचा बटवा सुपारीला ठीक, पण त्यातून मोबाइल काढेपर्यंत रिक्षावाला मीटर पुन्हा टाकेल. एका गुजराती शेजाऱ्याला आपली पिशवी मराठी नववर्षाला निघालेली पाहून आनंदच झाला. बदल्यात त्याने माझं उपरणं मागून नेलं, ते अजून यायचं आहे.

पिशवी घेतली की घरातच चाचणी करा. पूर्ण पोशाख करून बैठकीच्या खोलीत लेझीम खेळा. खालच्या मजल्यावरून कुणी वर येईपर्यंत पिशवी जागेवर राहिली, तर ती पास.

बाकीच्या वस्तू भराभर उरकू. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मान तिला जरूर द्या, पण लोकलमध्ये ती ठेवायची कुठे, हा विचार आधी करा, रॅकवर बॅगा असतात. फेटा परवडतो, नाक्यावरचा फेटेवाला दोन मिनिटांत बांधून देतो. भिकबाळी उजव्या कानाच्या वरच्या पाळीत घालतात. भोक नसेल तर दाबाची मिळते, ती मिरवणूक संपेपर्यंत कुणाच्या तरी पायाखाली गेलेली असते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून मानांकन मिळालं, आणि २०२५ साली तसल्याच चपला प्राडाने मिलानमध्ये मिरवल्यावर इकडे बराच गदारोळ झाला. इटलीत ती चावते की नाही कल्पना नाही, आपल्याकडे नवी कोल्हापुरी चावते. पंधरा दिवस आधी तेल लावून घरात वापरायला काढा. स्कॉटिश माणूस मोज्यात छोटा सुरा खोचतो म्हणून तुम्ही आजोबांचा पितळी अडकित्ता कमरेला लावू नका. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या तपासणीत तो बाहेर काढून दाखवावा लागेल आणि मागची रांग तुमच्या आजोबांची आठवण काढेल.

प्रवासाचे दोनच नियम. सरकत्या जिन्यावर सोगा हातात धरा. सरकता जिना कापड ओढतो, आणि धोतर तर ओढण्यासाठीच असल्यासारखं असतं. दुसरा, अंधेरीला उतरताना पुढे राहा. मागे राहिलात तर कुणीतरी सोग्यावर पाय देणार, तुम्ही फलाटावर आणि सोगा डब्यात.

स्त्रियांना यातलं काहीच सांगायची गरज नाही. त्यांनी केव्हाच शिवलेल्या नऊवारीला शिंप्याकडून आतून खिसा लावून घेतला, बुलेटला किक मारली आणि त्या पुढे गेल्या. नवऱ्यांचे मोबाइल बहुधा त्यांच्याचकडे असतात.

एवढं सगळं करूनही धीर होत नसेल, तर धोतराच्या आत बर्म्युडा घाला, चेनच्या खिशाची. धोतर जरा फुगेल. त्या दिवशी बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत निम्म्यांचं फुगलेलंच असतं, कुणी कुणाला विचारत नाही.