तात्यांचा झेटर

तात्यांच्या घरी गेलात तर बसण्याआधी खुर्ची बघून घ्यावी. एकीवर ऑईल पंप असतो, दुसरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रिंगा असतात, आणि तिसरीचा पाय मोडलाय म्हणून तिच्याखाली टायमिंग गिअर सरकवलेला असतो. 'तो हलवू नका, झिजलेला असला तरी ओरिजिनल आहे,' हे आपल्याला काकू सांगतात. कारण तात्या घरी नसतात. ते पार्ट बघायला गेलेले असतात.

असे तात्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात दर दहा गावांमागे एक तरी सापडतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे आबा. कुणाचा बी-२७५ असतो, कुणाचा जुना मॅसी. आपल्या तात्यांचा एचएमटी २५११, म्हणजे गावच्या तोंडी झेटर. दोन सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर. मूळ घराणं चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोचं. हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने १९७१ पासून ते बनवायला घेतलं. वडिलांनी आणला तेव्हा वेशीपासून दारापर्यंत वाजतगाजत आला होता. आता गोठ्याच्या पत्र्याखाली विटांवर उभा आहे आणि त्याच्या पोटातलं सगळं घरभर पसरलंय. नांगरटीला थोरल्या मुलाने केव्हाच नवा ५० हॉर्सपॉवरचा घेतला. म्हणजे झेटरवाचून कुणाचं काहीएक अडलेलं नाही. अडलंय ते तात्यांचं.

तात्यांच्या मनगटाला चावीचं एचएमटी जनता घड्याळ. 'हाताला आणि दाराला एकच कंपनी,' असं ते अभिमानाने सांगायचे. मग २०१६ साली केंद्र सरकारने घड्याळाचे कारखानेही बंद करायचं ठरवलं आणि पिंजोरचा ट्रॅक्टरही. तात्यांनी हा निर्णय फार मनाला लावून घेतला. त्या वर्षापासून ते सरकारबद्दल बोलत नाहीत; फक्त घड्याळाला चावी देताना दिल्लीच्या दिशेने एकदा बघतात.

कारखाना बंद झाल्यावर पार्ट मिळत नाहीत असं तुम्हाआम्हाला वाटतं. तसं नाही, मिळतात. लुधियानाकडचा माल तालुक्याच्या दुकानातसुद्धा येतो. पण तात्यांना तो चालत नाही. दुकानदाराने कंपनीचं पॅकिंग पुढे केलं की तात्या आधी पॅकिंग हुंगतात. मग लायनर तारेला टांगून पान्याने वाजवतात आणि डोळे मिटून ऐकतात. खणखणीत बोलला तर ठीक; आवाज बद्द आला की चीर आहे म्हणून परत. रिंग लायनरमध्ये घालून फिलर गेजने तिच्या दोन टोकांतली फट मोजतात. इतकं झाल्यावर 'लोकल दिसतोय' म्हणून उठतात. दुकानदार त्यांना चहा पाजतो, त्यांच्याकडून दोन-चार गोष्टी शिकतो आणि माल मुकाट्याने दुसऱ्याला विकतो.

या झेटर घराण्याची एक सोय आहे. दोन सिलिंडरचं, तीनचं आणि चारचं, ही इंजिनं एकाच मापावर बेतलेली: बोअर ९५ मिलिमीटर, स्ट्रोक ११०. त्यामुळे थोरल्या भावाचा पार्ट धाकट्याला बऱ्याच ठिकाणी चालून जातो. आमच्याकडे भावकीत बांधावरून डोकी फुटतात. यांच्या भावकीत पिस्टन बदलून घेतात. तात्यांचा शोध म्हणूनच फक्त २५११ पुरता राहत नाही. तीन जिल्ह्यांत कुठल्या गावात, कुठल्या वस्तीवर, कुठल्या बाभळीखाली कुठला झेटर उभा आहे आणि त्याच्यात काय काय शिल्लक आहे, हे त्यांना तोंडपाठ. आपल्या नातवंडांच्या इयत्ता मात्र काकूंना विचाराव्या लागतात.

या शोधात त्यांचा वैरी एकच, भंगारवाला. तो किलोवर घेतो, आणि गेलेली वस्तू परत येत नाही. पोलादी क्रँक जालन्याच्या भट्टीत जाऊन त्याची सळई होते. बिडाचा ब्लॉक कोल्हापूरच्या फाउंड्रीत वितळून कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाचं कवच होतो. नवं घर बघायला बोलावलं की लोक फरशीचं, रंगाचं कौतुक करतात. तात्या स्लॅबकडे बघून हळहळतात.

भंगारवाल्याच्या आधी पोचायचं तर वेळेवर खबर लागते. म्हणून तात्या वर्तमानपत्र मागच्या पानावरून, म्हणजे निधनवार्तांपासून वाचतात. पंचक्रोशीत कुणी जुना बागायतदार वारला की ते दहाव्याला हजर. खोटं कशाला बोला, त्यांना दुःख मनापासून होतं. पण सांत्वन करता करता नजर परसाकडे सरकते. 'देवमाणूस होता. कधी कुणाला दुखावलं न्हाई. आन् त्यो मागचा उघड्यावरच ऱ्हातोय व्हय? पावसाळा तोंडावर आलाय...' अशी ती वाक्यं एकमेकांना लागून येतात. घरच्यांना वाटतं, केवढी ही काळजी.

पुतण्याचं लग्न जमलं तेही असंच. मुलगी चांगली होती, स्थळ चांगलं होतं, पण पत्रिकेत काहीतरी अडत होतं. तात्या हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा हाताला ग्रीस आणि चेहऱ्यावर तेज. 'पत्रिका काय, जुळवली की जुळती,' ते म्हणाले. हुंड्याला त्यांचा कडाडून विरोध. बैठकीत त्यांनी तसं ठणकावून सांगितलं: एक रुपया नको, मानपान नको. फक्त मांडव निघाल्यावर गोठ्यामागचं ते जुनं हेड तेवढं बघून जाईन म्हणाले. वरात एका टेंपोतून परतली, हेड दुसऱ्या. सुनेला सासरी हेडवाली म्हणतात, हे तिने हसून सोडून दिलंय. माझ्या मते घरात तिच्याइतकं शहाणं कुणी नाही.

उत्तरेकडच्या यात्रेत तर काकूंनी हायच खाल्ली. दिल्लीत बसवाल्याने लाल किल्ल्यासाठी वेळ दिला होता. तात्यांनी तो मोरी गेटला घालवला. तिथे ट्रॅक्टरच्या पार्टची दुकानं एकाला एक लागून आहेत. तात्या त्या गल्लीत शिरले आणि देवळात शिरल्यासारखी त्यांनी चप्पल काढायची तेवढी बाकी ठेवली. 'भाईसाब, ये असली है क्या? नहीं, असली मतलब एकदम असली असली?' या हिंदीने त्यांनी नोझलची जोडी मिळवली. यात्रेहून लोक गंगाजल आणतात. तात्यांनीही आणलं होतं. नोझल गंजू नये म्हणून ते तेलाच्या पिशवीत आणि गंगाजल स्वेटरच्या बाहीत. काकू सांगतात, 'किल्ला मी बसमधनं बघितला. लालच हाय.'

जे सापडत नाही ते उद्यमनगरात घडवायचं. कोल्हापूरच्या या वस्तीत लेथवर जे होत नाही ते जगात होत नाही, अशी तात्यांची श्रद्धा. तिथला कारागीर झिजलेला क्रँक फिरवून बघतो आणि डॉक्टरासारखा गंभीर होतो. क्रँक घासला की बारीक होतो, मग तितकी जाड बेअरिंग घालायची. दहा, वीस, तीस अशी ही साइझ चढत जाते. शेवटी घासायला क्रँकच उरत नाही. तात्या माणसांनाही हेच माप लावतात. सतत चिडणारे मास्तर 'तिसाला गेलेत'. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेले चेअरमन 'निळा धूर मारत्यात', म्हणजे आतल्या आत ऑईल जळतंय. मी एकदा सर्दीने बेजार होतो तर माझ्याकडे निरखून म्हणाले, 'हवा धरलीया.'

मध्यंतरी तात्यांनाच छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. डॉक्टरांनी नळी दाखवून समजावलं तर त्यांचा पहिला प्रश्न: 'स्टेन्ट ओरिजिनल हाय न्हवं?'

घरी आल्यावर भेटायला माणसांची रीघ लागली. परवा शेजारच्या गावचा एक तरुण आला. कधी न पाहिलेला. केळी ठेवली, तब्येत विचारली. पण बोलता बोलता त्याची मान खिडकीकडे वळत होती. गोठ्याचा पत्रा तिथून स्वच्छ दिसतो.

तात्यांनी त्याला पुरतं वळू दिलं आणि विचारलं, 'कुठला हाय तुझा?'

पोरगं दचकलं. 'काय तात्या?'

'ट्रॅक्टर रं.'

'पस्तीस अकरा. आजोबांचा. पण मी सहज आलोय, तुमाला बघायला...'

'सहज बघायला मी लई घरं हिंडलोय. पार्टचं नाव सांग.'

'हायड्रॉलिकचा पंप,' तो खाली बघत म्हणाला. 'म्हंजे घाई न्हाई, तात्या. तुमच्या सवडीनं.'

'माझ्या सवडीला अजून येळ हाय,' तात्या म्हणाले. मग उशीवरून थोडे वर सरकले. 'तुझ्याकडं डायनॅमो हाय का?'

'हाय की. चालू हाय.'

'कुठं म्हणालास गाव?'

काकू आतून आल्या आणि उंबऱ्यातल्या तात्यांच्या चपला उचलून घेऊन गेल्या.