कायमचा हवापालट

पुण्या-मुंबईत फ्लॅट झाला, त्याहून मोठा फ्लॅट झाला आणि मग दोन्हींचा वीट आला, की माणूस महाबळेश्वर-पाचगणीकडे बघू लागतो. आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी असेच बघू लागले. जन्मभर पार्किंगवरून भांडलेला हा गृहस्थ एका सकाळी ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे बोलू लागला, तेव्हाच आम्ही ओळखलं, एजंटानं गाठलंय.

पहिलं घोडं जमिनीपाशी अडलं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणाऱ्यानं शेतकरी असावं लागतं. गावाकडच्या चुलत्याचा फोन आला की ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणणारे सेक्रेटरी सातबाऱ्यावर आजोबांचं नाव शोधू लागले आणि त्याच चुलत्याला फोन करू लागले. आता चुलता मीटिंगमध्ये होता. अखेर पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन तयार बंगलीच घेतली. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, बांधकामावर बंधनं आहेत. खरेदीखतावर सही होईपर्यंत सेक्रेटरींना ही बंधनं म्हणजे विकासाला खीळ वाटत होती. सही झाली त्याच संध्याकाळी ती फारच ढिली वाटू लागली.

शहराला कंटाळून इथं येण्याची रीत तशी जुनी. गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगर घेतला, बदल्यात खंडाळा गाव दिलं आणि पेठेला स्वतःचं नाव लावून घेतलं. पुढं मुंबई सरकार उन्हाळ्यात इथं मुक्कामाला यायचं. पण पावसाची चाहूल लागली की हेच सरकार बाडबिस्तरा आवरून पुण्याला उतरायचं, हे एजंट सांगत नाही. साहेबानं पावसाळ्यातही डोंगरावर ठेवलं ते चिनी कैद्यांना. बटाटे आणि भाजीपाला पिकवायचे बिचारे. यावरून काही बोध घ्यायला हरकत नव्हती.

इथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलै 2021 मध्ये तर एका दिवसात 594 मिलिमीटर कोसळला. पुण्याचा अख्खा पावसाळा जवळपास तेवढ्यात उरकतो. जुलैत सेक्रेटरींच्या बंगलीत शिरलं की आधी वास येतो, मग सेक्रेटरी दिसतात. बुटांवर हिरवी लव, पट्ट्यावर पांढरी. मीठ बरणीतून ओतावं लागतं. काडी ओढली की गूल तेवढं पेटीला चिकटतं, काडी हातात. कपडे कोरडे राहावेत म्हणून कपाटात जुना पिवळा बल्ब लावून ठेवा, असं शेजारच्या मावशींनी सांगितलं. सेक्रेटरींनी वीज वाचावी म्हणून एलईडी लावला. लग्नातला कोट रात्रंदिवस लख्ख उजेडात कुजला.

गावातल्या जुन्या घरांना पावसाआधी गवताच्या झडी बांधायची पद्धत. यांच्या बंगलीला दरीच्या बाजूनं आरपार काच, कारण ‘व्ह्यू’. जून ते सप्टेंबर त्या काचेतून धुकं दिसतं, आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये अमेरिकेतला साहेब विचारतो, तुमचा कॅमेरा बिघडलाय का?

छत गळू लागलं तेव्हा मिस्त्रीला फोन गेला.

“पाऊस उघडू द्या की सायेब.”

“कधी उघडेल?”

“दसऱ्याला बगू.”

“अहो, पुण्यात मी दहा मिनिटांत माणूस बोलावतो!”

“मग त्यालाच बोलवा की,” मिस्त्री म्हणाला. तो टोमणा नव्हता, खरोखरच सल्ला होता.

दसऱ्यानंतर डोंगर पुन्हा जाहिरातीतल्यासारखा झाला आणि पर्यटक आले. गेल्या दिवाळीपर्यंत वेण्णा तलावापाशी गाडी आडवी लावून मक्याचं कणीस खाणारे सेक्रेटरी आता त्याच कोंडीत अडकून ‘हे बाहेरचे लोक’ म्हणून हात चोळतात. पाच नद्यांच्या उगमाचा हा तालुका, तरी उन्हाळ्यात इथल्या काही वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. त्यावर सेक्रेटरींनी परवा सह्यांची मोहीम काढली. मागणी एकच, नवे बंगले बंद करा. त्यांच्या रस्त्यावरचा सगळ्यात नवा बंगला कुणाचा, हे मावशींनी विचारलं नाही. सही मात्र केली नाही. बाथटब भरताना पाण्याचा आवाज त्यांच्या ओटीपर्यंत येतो.

आणि पुण्यातल्या त्या फ्लॅटचा भाडेकरू? तो इथलाच, स्ट्रॉबेरीवाल्याचा मुलगा, हिंजवडीत नोकरीला. बापानं त्याला बजावलंय, वाटेल ते कर, पण घाट चढून परत राहायला येऊ नकोस. त्याच्या भाड्यावर इकडे बंगलीचा हप्ता जातो.

तेव्हा वाचकहो, तुम्हालाही डोंगर हाक मारत असेल तर जरूर जा. फक्त घर बघायला ऑक्टोबरात जाऊ नका, जुलैत जा. एजंट म्हणेल, घाटात दरड आलीय, धुकं आहे, किल्ली सापडत नाहीये. तरीही जा. आणि जाताना जुना पिवळा बल्ब घेऊन जा, वर मिळेनासा झालाय.