पाच नद्या, एक हापसा

तंजावरहून तिरुवैयारूला जाणारी बस जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांत पाच नद्या ओलांडते. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. मे महिन्यात त्या बव्हंशी नावापुरत्याच उरतात.

पहिल्या पुलावर काकूंनी हात जोडून खिडकीतून नाणं सोडलं. खाली पात्रात पोरांची मॅच रंगात आली होती. नाणं स्लिपमध्ये पडलं आणि तिथल्या पोराने ते सुरेख टिपलं. दुसऱ्या पुलाखाली बकऱ्या. तिसऱ्यावर काकूंनी नाणं मुठीतच ठेवलं.

"अहो, पाणी कुठंय?"

"मेट्टूरला," काका म्हणाले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे कोरडी नदी दिसली की त्यांना कंठ फुटतो. 1934 साली बांधून झालेलं मेट्टूर धरण, भाताचा कुरुवै हंगाम, साठा असेल तर 12 जूनला दारं उघडण्याचा रिवाज... चौथी नदी त्या भाषणातच निघून गेली.

घाटावर काकूंनी पिशवीतून गंगाजळीसाठीची लोटी काढली. समोर वाळू. बायका शेजारच्या हापशावर घागरी भरत होत्या. त्यातल्या एकीने लोटी पाहिली, काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता दांडा हाणायला सुरुवात केली. "जमिनीखालून आलं तरी कावेरीच ती," असा निर्वाळा खात्यातर्फे मिळाला आणि तीर्थ मंजूर झालं.

तिथून संतसंगीतकार त्यागराजांच्या समाधीवर. 1847 साली ते इथेच गेले. समाधीवरचं मंदिर उभं केलं बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने, पदरचे पैसे ओतून. आणि त्यांच्या पुण्यतिथीच्या आराधनेत बायकांनी गायचं नाही म्हणणाऱ्यांना पुरून उरल्या त्याही याच बाई. आता दर पौष वद्य पंचमीला इथे शेकडो गवई एका सुरात त्यागराजांच्या पंचरत्न कृती गातात. आम्ही गेलो तेव्हा एक पुजारी आणि एक पंखा होता, त्यातला पंखा सुरात होता.

तंजावरच्या मराठा सरफोजीराजांचं दरबारी बोलावणं त्यागराजांनी परत पाठवलं, अशी कथा सांगतात. ती ऐकून काकू खट्टू झाल्या. "आपल्या राजांना नाही म्हणाले?" बाहेर येऊन अशोका हलवा खाईपर्यंत त्यांचा मराठी बाणा शांत झाला नाही. मुगाच्या डाळीचा, केशरी, तुपाने असा ओथंबलेला, की खाली ठेवलेल्या कागदाची आरपार खिडकी होते. दुसरा घास घेताना त्यांनी त्यागराजांना माफ केलं.

गावातल्या ऐयारप्पर या शिवाच्या देवळाच्या दक्षिण प्राकारात एक जागा आहे. तिथे उभं राहून हाक मारली की ती सात वेळा परत येते म्हणतात. लोक देवाचं नाव घेतात. काकूंना आयत्या वेळी सुचलं तेवढं त्या ओरडल्या, "अहोऽऽ!"

काका पलीकडे नंदीजवळ डुलक्या काढत होते. पहिल्या 'अहो'ला दचकले, दुसऱ्याला चष्मा शोधला, तिसऱ्याला धोतर सावरत अनवाणी पळत आले. तापलेल्या फरशीवर उड्या मारत म्हणाले, "अगं, आलो की!" भिंतीतून पुन्हा 'अहो'. काका भिंतीकडे वळले. "आलो म्हटलं ना!"