राजाला गप्प बसवेना

वेताळाची अट जगजाहीर आहे. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं, आणि बोललास तर मौन मोडलं म्हणून मी निघालो परत झाडाला लटकायला. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी या अटीचा सगळा दोष वेताळाच्या माथी मारला. भोसरीहून चाकणला जाणाऱ्या एका कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा अडवून बसणाऱ्या प्रस्तुत लेखकाचं मत वेगळं आहे. खोड राजाचीच होती. त्याला उत्तर यायचं, आणि येतंय हे दाखवल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. शकलांची भीती हे आपलं निमित्त. प्रस्तुत लेखकाच्या डोक्याला कुणी कसलीही धमकी दिलेली नसताना तो मोशीपासून चाकणपर्यंत बोलतच असतो, यावरून हा आजार राजघराण्याबाहेरही आढळतो हे सिद्ध व्हावं.

बसमधला खेळ साधा आहे. एकाने वेताळ व्हायचं, गोष्ट सांगायची आणि प्रश्नापाशी थांबायचं. बाकीचे सगळे राजे. हरेल त्याने चहा पाजायचा. नाशिक रस्त्याची वाहतूक या खेळाला इतकी अनुकूल आहे की पंचविशी एका खेपेत संपावी, पण राजे उत्तरावर थांबत नाहीत, एकमेकांचं उत्तर कसं चूक आहे ते सांगत बसतात.

या राजांचं शिक्षण एका शाळेतलं नाही. पन्नाशीपुढचे सगळे चांदोबाचे विद्यार्थी. मद्रासहून निघणारं हे मासिक 1947 साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठीत ते 1952 साली आलं. चित्रकार शंकर यांनी काढलेला तो राजा, हातात नंगी तलवार, खांद्यावर प्रेत, आजही त्यांना डोळे मिटून दिसतो. मूळच्या गोष्टी पंचवीस, पण चांदोबाच्या वेताळाने त्या संपल्यावरही दुकान बंद केलं नाही. दर महिन्याला नवी गोष्ट, दर महिन्याला राजाचं अचूक उत्तर, आणि दर महिन्याला प्रेत परत झाडावर. राजाला एका अंकात जरी गप्प बसणं जमलं असतं तरी मासिकाचं हमखास चालणारं सदर बुडालं असतं. त्यांच्या पाठोपाठचे दूरदर्शनवाले. 1985 सालच्या मालिकेत अरुण गोविल राजा झाले होते आणि सज्जन वेताळ. दोन वर्षांनी गोविल रामायणात दिसले, तेव्हा हा माणूस आता प्रेत कुठे ठेवून आला, अशी शंका बसमधल्या एकाने लहानपणी आजीला विचारली होती आणि धपाटा खाल्ला होता.

उरला एक सीएनसी ऑपरेटर. त्याच्या वडिलांनी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक जपून ठेवले होते, आणि 1964 साली सुरू झालेल्या त्या अंकांत फँटमचं नाव वेताळ होतं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, कवटीची गुहा सोडून हा झाडावर कशाला राहतो?

प्रस्तुत लेखकाची खरी मिजास मात्र पैठणवर आहे. विषय कोणताही असो, तो गाडी गोदाकाठी नेतो. त्याचं म्हणणं असं, की वेताळाचा राजा उज्जैनचा विक्रम असं सगळे समजतात, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने जो कथासरित्सागर लिहिला त्यात राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. हे त्याने शोधून काढलेलं नाही, पुस्तक उघडलं की कुणालाही दिसतं. सांगताना आवाज मात्र असा लागतो, जणू उत्खननाचं फावडं याच्याच हातात होतं.

आणि पैठण आलं की गुणाढ्य येतोच. इथे बसमधले अनुभवी लोक डोळे मिटून घेतात. सातवाहन राजाचं संस्कृत कच्चं, ते राण्यांसमोर उघडं पडलं आणि राणी हसली. राजाने अन्न सोडलं. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला लोकांना बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. (भोसरीत इंग्रजी संभाषणाच्या क्लासच्या पाट्या लागतात त्या याच शर्ववर्म्याच्या वंशजांच्या असाव्यात.) गुणाढ्य चिडला. तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन, असं भर दरबारात बोलून बसला. शर्ववर्म्याने करून दाखवलं. झालं! एवढा मोठा पंडित, एका फुशारकीपायी मुका होऊन रानात गेला. तिथे पिशाच्चांची भाषा शिकला, कारण तेवढी एकच पैजेत लावायची राहिली होती. सात वर्षं बसून त्याने सात लाख श्लोक लिहिले, तेही स्वतःच्या रक्ताने, कारण रानात शाई कुठली? राजाकडे पाठवले. पिशाच्चांची भाषा आणि रक्ताची अक्षरं बघून राजाने नाक मुरडलं.

मग गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला रानातली जनावरं गोळा झाली. हरणं, डुकरं, रेडे, सगळी गोल करून उभी, डोळ्यांत पाणी, आणि चरायचं कुणाला भान नाही. इकडे राजवाड्यात राजाचं पोट बिघडलं. वैद्य म्हणाले, मांस वाळकं येतंय. आचाऱ्यांना धारेवर धरलं, त्यांनी पारध्यांकडे बोट दाखवलं, पारधी म्हणाले, महाराज, टेकडीवर एक ब्राह्मण पोथी वाचतोय, जनावरं खात नाहीत. म्हणजे तक्रार ग्राहकाकडून आली, चौकशी थेट पुरवठादारापर्यंत गेली आणि मूळ कारण सापडलं. प्रस्तुत लेखक क्वालिटीत असल्याने हा भाग तो दोनदा सांगतो. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळले होते, एक लाख उरले. ती बृहत्कथा. तीही पुढे नाहीशी झाली. सोमदेवाने तिच्यावरून आपला ग्रंथ रचला, त्यात वेताळाच्या गोष्टी आल्या, आणि फिरत फिरत त्या सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या हातून 1830 साली मराठी पुस्तक होऊन परत घरी पोचल्या.

एवढं होईस्तोवर बस कुरुळी फाट्यावर आलेली असते आणि ज्याची गोष्ट अर्धी राहिली तो वेताळ झोपलेला असतो.

लेखकाची दुसरी आघाडी घरची. दिघी रोडवर राहणारी त्याची भाची हॅरी पॉटरची भक्त. तिच्या मैत्रिणी आणि ती मिळून एकमेकींना त्या जगातली कोडी घालतात, आणि मामाने एक वेताळाचं दिलं तर बदल्यात एक हॉगवर्ट्सचं देतात. रेव्हनक्लॉच्या मुलांच्या खोलीला किल्ली नाही की परवलीचा शब्द नाही. दारावर ब्राँझचा गरुड आहे, तो प्रश्न विचारतो. जमलं तर आत, नाही तर दुसरा कुणी शहाणा येईपर्यंत बाहेर. मामा म्हणाला, आमच्या गेटवरही असाच एक असतो, फक्त तो गेटपासशिवाय शहाण्यालाही सोडत नाही. भाची हसली नाही. तिच्या मते कोड्यांच्या जगात विनोदाला फार वाव नसतो.

तिनेच मामाला टॉल्किनच्या हॉबिटमधला, 1937 सालच्या पुस्तकातला, अंधारातला सामना ऐकवला. बिल्बो आणि गॉलम एकमेकांना कोडी घालतात, हरला तर बिल्बोचा फराळ होणार. शेवटी बिल्बोला काही सुचत नाही आणि तो माझ्या खिशात काय आहे, एवढंच विचारतो. हे कोडं झालं का? यावर वाचक अजून भांडतात. टॉल्किनने स्वतः पुढच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केलंय की जाणकारांत मतभेद आहेत, पण गॉलमने प्रश्न मान्य करून ओळखायचा प्रयत्न केला, म्हणजे तो बांधला गेला. मामा पुन्हा पैठणकडे वळणार तोच भाची म्हणाली, “म्हणजे तोंड उघडलं की फसला. गॉलम काय, राजा काय, आणि मामा, तू काय.”

तिच्या पिढीबद्दल लेखकाची एकच तक्रार, आणि ती तिच्याबद्दल नाही, सीएनसी ऑपरेटरबद्दल आहे. तो गोष्ट चालू असतानाच मोबाइलमध्ये बघतो. प्रश्न विचारून होईस्तोवर उत्तर मोठ्याने वाचून दाखवतो. बरोबर असतं, म्हणून तर जास्त राग येतो. तीन नाजूक राण्यांची गोष्ट घ्या. एकीच्या अंगावर कमळ पडलं तर जखम, दुसरी चांदण्याने भाजली, तिसरीला लांबच्या मुसळाचा नुसता आवाज ऐकून हाताला वळ उठले. जास्त नाजूक कोण? तिसरी, कारण तिला काही लागलंच नव्हतं, हे मोबाइलने अर्ध्या मिनिटात सांगितलं. पण मोबाइल नसता तर प्रेस शॉपमधल्या माणसांनी त्या राणीला आठवडाभर शंभर टनी प्रेसशेजारी उभी केली असती, तिच्या ओव्हरटाइमचा हिशेब मांडला असता, आणि नाजूकपणाचे ग्रेड पाडले असते. ते सगळं राहून गेलं.

अदलाबदल झालेल्या डोक्यांच्या गोष्टीला मात्र मोबाइल पुरला नाही. देवीपुढे नवरा आणि भाऊ दोघांनी आपली डोकी उतरवली. देवी प्रसन्न होऊन म्हणाली, जोड. बाईने घाईत उलटी जोडली. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो; कारण सर्व अंगांत डोकं मुख्य. बसमध्ये फाटे फुटले. एक म्हणाला, ते हजेरीच्या मशीनवर अवलंबून आहे. अंगठ्याचं मशीन असेल तर धड कामावर, चेहऱ्याचं असेल तर डोकं. दुसरा म्हणाला, मग पीएफ कुणाच्या खात्यात? हसून हसून ड्रायव्हरनेही मागे बघितलं.

बसमध्ये प्रेस शॉपचे एक काका असतात. ते ऐकतात, बोलत नाहीत, त्यांच्यावर चहाची पाळीही कधी येत नाही. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा नाही. तो दुसरीकडे कुठे तरी, पूर्वीच्या नोकरीत, पॉवर प्रेसखाली राहिला. पुढे अंगठ्याची मशीनं आली तेव्हा त्यांची हजेरी बरेच दिवस वहीत लागायची आणि वही हरवली की खाडा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात अवयवांची यादी होती: अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरायचं, पूर्ण तर्जनीला 14 टक्के. काकांना हे आकडे पाठ आहेत. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले.

“राजा कधी कामावर गेला नव्हता,” काका म्हणाले, “म्हणून डोकं म्हणाला.”

पुढे कुणाला काही सुचेना. मोबाइलवालाही खिडकीबाहेर बघायला लागला. सर्वांनी गप्प राहावं अशी ती वेळ होती, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखकाने सांगितलं की गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदन’मध्ये नवरा आणि भाऊ नसून नवरा आणि मित्र आहेत. काका म्हणाले, “असतील.”

शेवटच्या गोष्टीत राजा हरतो. रानात बापलेकांना बायकांची पावलं उमटलेली दिसतात, दोन मोठी, दोन लहान. ठरतं असं की मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. गाठ पडल्यावर कळतं की त्या मायलेकी आहेत आणि मोठी पावलं लेकीची आहेत. शब्द तो शब्द. बाप लेकीशी लग्न करतो, मुलगा तिच्या आईशी. दोघींना मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? त्रिविक्रमसेनाला उत्तर येत नाही, तो मुकाट्याने चालत राहतो, आणि त्या मौनावर खूश होऊन वेताळ त्याला प्रेत आणायला पाठवणाऱ्या गोसाव्याचा कट सांगतो. अख्ख्या पंचविशीत राजाचा जीव वाचतो तो न येणाऱ्या एका उत्तरामुळे.

लेखकाने हे कोडं मोठ्या अपेक्षेने घरी नेलं. बायको शेंगा सोलत होती.

“म्हाताऱ्याचं पोर म्हणजे त्या मुलाचं भावंडच की, बाप एक,” ती म्हणाली. “म्हणून ते दुसऱ्याचा काका. आणि दुसरं पोर त्या लेकीचं भावंड, आई एक. म्हणून ते पहिल्याचा मामा. एक काका, एक मामा. लग्नात दोघांनाही आहेर करावा लागेल, एवढंच.”

“अगं, राजाला हे आलं नव्हतं.”

“बरं झालं मला विचारलं नाही. उत्तर दिलं असतं आणि मेला असता बिचारा.”

सध्या बसमध्ये वाद पेटलाय तो सुरुवातीच्या कथेवर. गोसावी रोज दरबारात एक फळ आणून देतो, राजा ते न बघता भांडारप्रमुखाकडे देतो, आणि भांडारप्रमुख दार न उघडता खिडकीतून आत फेकतो. वर्षानुवर्षं हेच. मग एक दिवस पाळीव माकड फळ फोडतं आणि आतून रत्न निघतं. भांडारात बघतात तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. स्टोअरवाल्यांनी भांडारप्रमुखाची बाजू घेतली आहे: माल आला, खिडकीतून का होईना जमा झाला, तुटवडा नाही. क्वालिटीकडे सगळ्यांची नजर आहे, कारण इतकी वर्षं आवक तपासणी झाली नाही आणि शेवटी ती माकडाने केली. प्रस्तुत लेखकाने नमुना तपासणीची पद्धत, तिच्यातल्या मर्यादा आणि पैठणचं हवामान या तिन्हींवर सविस्तर खुलासा दिला. तो संपल्यावर प्रेस शॉपच्या काकांनी विचारलं, माकड कायम होतं की कंत्राटी?

कंत्राटी, असं बसने एकमुखाने ठरवलं. कायम असतं तर फळ फोडायला सुपरवायझरची सही लागली असती.