श्री. चिमणराव यांस खुले पत्र

श्री. चिमणराव यांस,

स. न. वि. वि. (विनंती विशेष काही नाही, पण तसं लिहायची रीत आहे.)

न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या घरामागे लोखंडी खांबावर जी लाकडी पेटी आहे, ती ब्लूबर्ड पक्ष्याच्या घरट्यासाठी आहे. तिचं गोल दार मुद्दाम दीड इंचाचं ठेवलंय. तेवढ्यातून थोराड स्टार्लिंग पक्षी आत शिरत नाही. आपण चिमणे मात्र शिरता. दारापुढे बसायला दांडी नाही, कारण ब्लूबर्डला ती लागत नाही. आपल्यालाही लागत नाही, हे आपण लगेच दाखवून दिलंत.

रिकामी जागा बळकावली असतीत, तर एक वेळ चाललं असतं. आत फिकट निळी अंडी होती. ती आपण टोचून फोडलीत आणि त्यांच्यावरच गवत, पिसं, प्लॅस्टिकच्या चिंध्या रचून संसार थाटलात. आपली जमात अंड्यांवर बसलेल्या मादीलाही आत गाठून मारते, वर तिच्या कलेवरावर घरटं बांधते. चि. वि. जोशींचा चिमणराव बापडा साधाभोळा. त्याचं नाव घालवलंत.

माणसांनीच इथे आणलं, हा आपला बचाव मान्य. 1850 नंतर ब्रुकलिनमध्ये झाडांवरच्या सुरवंटांचा बंदोबस्त करायला आपल्या पूर्वजांना सन्मानाने बोलावलं. त्यांनी दाणे टिपत देश व्यापला. ढोली असलेली जुनी झाडंही तुटत गेली आणि ब्लूबर्ड इतका रोडावला, की 1978 साली लॉरेन्स झेलेनी यांना त्याच्यासाठी संस्था काढावी लागली. इथली माणसं पेट्या लावताहेत आणि आपण गृहप्रवेश करताय.

पण कायदा बघा. 1918च्या पक्षी-संरक्षण कायद्यानुसार ब्लूबर्डच्या अंड्याला हात लावणं गुन्हा. आपण कित्येक पिढ्या इथे जन्मूनही परकेच, त्यामुळे संरक्षण शून्य. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला यात मजा वाटू नये; वाटते खरी.

तेव्हा यापुढे आपलं घरटं दर वेळी उचकटलं जाईल. भरडलेला मका बंद. ब्लूबर्डचं पहिलं अंडं दिसताच पेटीवर चमकत्या पट्ट्या फडकतील. त्यांना आपण बिचकता, असं ऐकून आहे.

पुण्यात मावशीने 20 मार्चचा चिमणी दिन साधून खास आपल्यासाठी पेटी टांगली आहे. रोज बाजरी, ताजं पाणी. तिकडे आपण फिरकत नाही. पत्ता हवा असल्यास कळवावे.

आपला,
घरमालक