जिंजीचे किल्लेदार

आमच्या इमारतीत कुरिअरवाला आला की ज्याचं पार्सल असेल तो खाली उतरायच्या आत एक गृहस्थ जिन्यात हजर असतात. आत काय आहे, कितीला पडलं, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. "आतलं तुमचं, बाहेरचं माझं," एवढंच मागणं. मग ते खोक्यावर टिचकी मारतात, कड बोटाने दाबून बघतात, "फाइव्ह प्लाय आहे," असं स्वतःशीच पुटपुटतात आणि खोकं उराशी धरून वर जातात. वॉचमन त्यांना 'अट्टै पेट्टी सार' म्हणतो, म्हणजे खोकीवाले साहेब. मी किल्लेदार म्हणतो.

किल्लेदार मूळचे सोलापूरचे. आता चेन्नईत; ऑफिस तरमणीला, घर वेलचेरीला, आणि काम असं की संध्याकाळी घरी येऊन 'हे बघ, आज हे केलं' म्हणून दाखवावं असं हाताला काही लागत नाही. जे केलं ते सगळं स्क्रीनच्या आत. त्यामुळे जेवण झालं की त्यांची बोटं शिवशिवायला लागतात. अशा माणसाने बासरी शिकावी, कणीक मळावी. पण किल्लेदारांना लहानपणी दिवाळीचे किल्ले आणि गणपतीची मखरं केल्याचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक जखम आहे. शाळेत कार्यानुभवाला त्यांच्या आकाशकंदिलाला 'ब' मिळाला होता. शेजारच्या बाकावरच्या मुलाचा कंदील त्याच्या मामाने केलेला, त्याला 'अ'. लेकीचा वाढदिवस म्हणजे या निकालावरचं अपील आहे. ते दरवर्षी नोव्हेंबरात सुनावणीला येतं.

वाढदिवसाचं पॅकेज वेलचेरीत कुठेही मिळतं. हॉल, फुगे, केक, एक जोकर, दोन तासांत मोकळं. किल्लेदार म्हणतात, "पैसे टाकून काय, कुणीही करेल." त्यांची बायको म्हणते, "मग कुणीही करतात तसं करूया ना एकदा." हा संवाद साधारण ऑगस्टमध्ये होतो. पुढे ऑक्टोबरपर्यंत ती बोलत नाही, फक्त बाल्कनीतली खोकी पायाने सरकवते.

पहिल्या वाढदिवसाला सूर्यमाला होती. ग्रह थर्मोकोलचे करायचे ठरले होते, कारण थर्मोकोल हे किल्लेदारांचं पहिलं प्रेम. महाराष्ट्राने 2018 साली सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली तेव्हा ते चेन्नईत होते आणि 'आपण सुटलो' म्हणाले होते. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली. त्या यादीत सजावटीचं थर्मोकोल तर होतंच, वर फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्याही होत्या. शेवटी गुरू-शनी कागदाच्या लगद्याचे झाले, आणि शनी इतका जड झाला की पंखा बंद ठेवून सगळ्यांनी घामाघूम होत टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वर्षी पळ्ळीकरणैची दलदल. ही वेलचेरीच्या शेजारीच आहे, 2022 मध्ये तिला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली, आणि तिथे रोहित पक्षी येतात. किल्लेदारांनी गुलाबी कागदाचे रोहित केले. बंदी आलेल्या काड्यांच्या जागी पायांना नारळाच्या झाडूचे हीर लावले. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावरचे तीन झाडू इतके विरळ झाले की त्यांनी झाडताना कचरा नुसता बाजूला व्हायचा.

तिसऱ्या वर्षाबद्दल न बोललेलं बरं. मात्र त्या वर्षीची ऑक्टोबरातली एक रात्र सांगायलाच हवी. 2024 चा ऑक्टोबर, मुसळधार पावसाचा इशारा. 2015 च्या आणि 2023 च्या डिसेंबरात तळघरांत पोहलेल्या गाड्या वेलचेरी विसरलेली नव्हती, म्हणून लोकांनी आपापल्या गाड्या नेऊन उड्डाणपुलावर ओळीने लावल्या. ते फोटो देशभर छापून आले. त्या ओळीत एक लाल गाडी होती, तिच्या मागच्या सीटवर घडी घातलेलं फ्रिजचं खोकं होतं आणि पुढच्या सीटवर, पट्टा लावून, वॉशिंग मशीनचं. घरात पाणी शिरलं असतं तर सोफा भिजला असता. सोफ्याचं किल्लेदारांना काही नव्हतं.

आता चौथा वाढदिवस. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. हा तमिळनाडूत, वेलचेरीहून निघालं तर तीन-साडेतीन तासांवर. बातमी वाचली आणि किल्लेदारांनी त्याच रात्री मला बोलावून सांगितलं, "थीम ठरली." शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये घेतलेला, राजाराम महाराजांना आसरा दिलेला, मोगलांच्या झुल्फिकारखानाला सात-आठ वर्षं झुंजवून 1698 मध्ये पडलेला तीन डोंगरांचा किल्ला; आणि त्याच्या पायथ्याशी चार मेणबत्त्या. राजगिरीला फ्रिजचं खोकं, कृष्णगिरीला मिक्सरचं, चंद्रगिरीला बुटांची. सगळं माप काढून झालं होतं.

फक्त वाढदिवस जिचा तिला विचारायचं राहिलं होतं. तिला विचारल्यावर ती म्हणाली, "तण्णी लॉरी."

वेलचेरीत वाढणाऱ्या मुलाला पाण्याच्या टँकरचं वेड लागलं नाही तरच नवल. इकडे रस्त्यावर गुडघाभर पाणी असतं आणि त्यातूनच वाट काढत टँकर प्यायचं पाणी घेऊन येतो. हे दृश्य मोठ्यांना विनोदी वाटतं, चार वर्षांच्या मुलीला भव्य वाटतं. आवाज, मागचा जाडजूड पाइप, खालच्या सम्पमध्ये कोसळणारी धार, लुंगी गुंडाळून वर चढलेला ड्रायव्हर. त्याच्यापुढे राजाराम महाराजांची काय कथा!

दोन दिवस घरात शिष्टाई चालली. शेवटी तोडगा आजींनी काढला. किल्लेदारांच्या मातोश्री सोलापूरहून शेंगाचटणीचा डबा घेऊन आलेल्या होत्या. म्हणाल्या, "वेढा पडल्यावर किल्ल्यावर पाणी नको व्हय? लॉरी चढव की वर." किल्लेदारांनी इतिहासाच्या वतीने थोडा वेळ डोळे मिटले. मग उघडून वॉशिंग मशीनचं खोकं टँकरला दिलं.

इथे एक सांगायला हवं, की माणूस हाताचा खरोखर चांगला आहे. पुठ्ठा गोल वळवायचा तर एका बाजूचा कागद पाण्याचा हात लावून सोलून काढायचा, म्हणजे आतल्या पन्हाळ्या मोकळ्या होतात आणि पुठ्ठा मोडल्याशिवाय वाकतो. हे मी त्यांच्याकडे शिकलो. वेलचेरीहून लोकलने थेट बीच स्टेशनला जायचं, पॅरीजच्या अँडरसन स्ट्रीटवर कागदाची दुकानं पालथी घालायची, खडकाच्या रंगाचा नेमका करडा कागद आणायचा, आणि परत येताना तो डब्यात उभा धरून स्वतःही उभंच राहायचं, हे प्रेमाशिवाय होत नाही. प्रेम कुणावर, हा प्रश्न त्यांची बायको विचारते.

पण नोव्हेंबर हा चेन्नईत लगद्याचा महिना नव्हे. आपल्याकडे पाऊस दसऱ्याला घरी जातो, इथे तो दिवाळीला कामावर रुजू होतो. दिनतंदीचे जुने अंक बादलीत भिजवून, मैद्याची खळ घालून राजगिरीचे कडे थापले ते चार दिवसांनीही दाबले की बोट आत जायचं. पंखा लावला. इस्त्री फिरवली. केस वाळवायचं यंत्र राजगिरीवर धरलं, मग बायको ओल्या केसांनी ऑफिसला गेली. पाचव्या रात्री खळीच्या वासाने मुंग्या आल्या आणि सकाळपर्यंत त्यांनी कृष्णगिरी घेतली. मोरचूद घातला असता तर कीड लागली नसती, पण लहान मुलांच्या घरात तो आणायचा नाही एवढं तारतम्य किल्लेदारांना आहे. त्यांनी हळदीची रेघ ओढली. मुंग्यांनी झुल्फिकारखानाइतका वेळ घेतला नाही.

अशा वेळी धावून आल्या समोरच्या मामी. नवरात्रातल्या कोलूच्या पायऱ्या नुकत्याच उतरवून, बाहुल्या जुन्या साड्यांत गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकल्या होत्या. त्या पायऱ्या त्यांनी किल्ल्याला दिल्या. डोंगर उभा करायला याहून भक्कम सांगाडा सापडला नसता. पायऱ्यांबरोबर बाहुल्याही आल्या. धान्याची दुकानं मांडून बसलेलं चेट्टियार जोडपं किल्ल्याच्या बाजारात बसलं, लाकडी 'मरपाची' बाहुल्यांची जोडी दरवाजावर उभी राहिली. मामा मात्र जानवं ठीक करत किल्ल्याकडे बघून म्हणाले, "सेंजी ना? मग देसिंग राजाचा घोडा कुठाय?" आता तमिळ माणसाला जिंजी म्हटलं की आठवतो तो आर्काटच्या नवाबाशी लढून 1714 मध्ये पडलेला देसिंग राजा; त्याच्यावरचे पोवाडे इकडे गायले जातात. किल्लेदारांनी तारखा सांगून पाहिल्या. मामांनी त्या ऐकल्या नाहीत. रात्री एक मातीचा घोडा किल्ल्यातल्या कल्याण महालासमोर आला. राजाराम महाराज आणि देसिंग राजा यांच्यात इतिहासात सोळा वर्षांचं अंतर आहे, इथे एक वीत राहिलं.

"एकूण खर्च शून्य," असं किल्लेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. त्यांच्या बायकोने फ्रिजच्या दारावर एक कागद लावला होता. ग्लू गन, ग्लू गनच्या कांड्या, पहिली ग्लू गन जळल्यावर दुसरी, करडा कागद, चुकीचा करडा कागद, कटरची पाती, बोटाला लागलं त्याची मलमपट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन, तीन झाडू. खाली बेरीज न मारता तिने लिहिलं होतं, 'केक बाहेरून येईल. चर्चा नाही.' किल्लेदारांना मुलांसाठी पिठलं-भाकरीचा बेत हवा होता, मावळ्यांचा शिधा म्हणून. तो कागद वाचल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही.

आजी हे सगळं पलंगावर बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, "एवढं कशाला लागतंय रे? आमच्याकडं बोरन्हाण असायचं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, बासरी, बाजूबंद, सगळं घरी केलेलं. डोक्यावरनं बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. पोरं तुटून पडायची, जे हाताला लागेल ते घरी न्यायची. अर्ध्या तासात खेळ खलास." पोशाखाचा रंग ठरलेला, मांडणी ठरलेली, पाहुण्या मुलांची भेटही ठरलेली, आणि शेवटी ती लुटून न्यायची मुभा. संक्रांतीला आपण पिढ्यानपिढ्या करत आलो ते हेच. पॅकेजवाल्यांनी त्याला 'थीम' असं नाव दिलं आणि हॉलचं भाडं लावलं. मी हे किल्लेदारांना सांगायला गेलो तर त्यांनी एवढंच ऐकलं की मुकुट करायचा राहिलाय.

वाढदिवसाला मुलं आली. औक्षण झालं. किल्लेदार मुलांना ओळीने बसवून राजगिरीवर पाणी कसं पोचायचं, कल्याण महालात ते नळाने कसं खेळवलं होतं, हे इंग्रजी, हिंदी आणि त्यांची म्हणून जी तमिळ आहे तिच्यात समजावून सांगत होते. वाक्य संपायच्या आत सगळी ओळ टँकरमध्ये जाऊन बसली. किल्ल्याकडे एकाने पाहिलं, तेही चेट्टियारच्या दुकानातले हरभरे खायला मिळतील का हे विचारायला.

आणि तेवढ्यात खाली खरा टँकर आला. उत्सवमूर्ती फुग्यासह जिन्यावरून धावली आणि ड्रायव्हरला बोटाला धरून वर घेऊन आली. मामींनी त्याच्या हातात पायसमची वाटी दिली. त्याने पुठ्ठ्याच्या टँकरला एक प्रदक्षिणा घातली. शिडी पाहिली, वरचं झाकण उघडून पाहिलं, नंबरप्लेट वाचली, चाकाला हलकेच पाय लावून पाहिला. किल्लेदार श्वास रोखून उभे. आजवर त्यांच्या कामाची इतकी बारकाईने तपासणी कुणी केली नव्हती, अगदी कार्यानुभवाच्या बाईंनीसुद्धा. ड्रायव्हर मागच्या बाजूला थांबला, वाकला, आणि म्हणाला, "वाल्व एंगे, सार?"

वाल्व नव्हता. शिडी होती, झाकण होतं, आडवा पाइप होता. पाणी सोडायची सोयच नव्हती. "परवाइल्लै," ड्रायव्हर म्हणाला, चालतंय. पण 'चालतंय' हा शब्द किल्लेदारांना कार्यानुभवातल्या 'ब' इतकाच लागतो. ते शाम्पूच्या बाटलीचं झाकण घेऊन टँकरखाली शिरले. ड्रायव्हरही वाटी बाजूला ठेवून खाली बसला आणि पकड कुठे असते, चाक कुठल्या बाजूला फिरतं, हे बोटाने दाखवू लागला. वर मेणबत्त्या पेटल्या होत्या, मुलं गाणं म्हणून दमली होती, दुसऱ्यांदाही म्हणून झालं होतं, आणि किल्लेदारांची बायको स्वयंपाकघरातले सगळे ड्रॉवर उघडून बघत होती.

"केकची सुरी कुणी बघितली का?"

टँकरखालून किल्लेदारांचा हात बाहेर आला. सुरीला पात्यापासून मुठीपर्यंत गरम गोंद चिकटला होता आणि त्यावर करड्या कागदाचे कपटे.

केक शेवटी तीस सेंटिमीटरच्या स्टीलच्या पट्टीने कापला. तुकडे मात्र सगळे अगदी एका मापाचे आले.